रॉकमधला डबल अल्बम शेवटपर्यंत दमदार कशामुळे राहतो?

डबल अल्बम म्हणजे दोन तबकड्या, चार बाजू. या चारही बाजूंना स्वतःची सुरुवात आणि शेवट असला, आणि गाण्यांचे बाज बदलले तरी बँडचा आवाज एकच राहिला, की डबल अल्बम टिकतो. परभणीत घरी रेकॉर्ड प्लेयरवर हे अल्बम मी वर्षानुवर्षं ऐकतोय, त्यावरून सांगतो. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात, मग उठून तबकडी उलटायची. त्या क्षणी पुढचं ऐकायची ओढ हवी. बाजूचं शेवटचं गाणं भरतीचं असलं की माणूस बसूनच राहतो.

माझ्या मते सर्वांत एकसंध म्हणजे द क्लॅश या बँडचा ‘लंडन कॉलिंग’ (१९७९). १९ गाणी, त्यात रेगे, स्का, रॉकाबिली, जॅझ सगळं आहे, तरी चौघांचा वाजवण्याचा जोर कुठेच ढळत नाही. आपल्या पैठणच्या नाथांच्या भारुडासारखं: सोंग विंचवाचं असो की जोश्याचं, आतला सूर तोच.

जुनी गाणी घेतली म्हणून अल्बम ढिला पडतो, असंही नाही. लेड झेपेलिनच्या ‘फिजिकल ग्राफिटी’त (१९७५) १५ पैकी ७ गाणी आधीच्या रेकॉर्डिंग सत्रांतली होती, पण ती नव्यांच्या मध्ये अशी बसवलीत की सांधा दिसत नाही.

मात्र महान आणि एकसंध या दोन वेगळ्या गोष्टी. बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या अल्बममध्ये ३० गाणी आहेत आणि तो चांगलाच विस्कळीत आहे, तरीही मला त्यातलं एकही गाळवत नाही.