आयर्लंडचा अंध हार्पवादक कॅरोलन याच्याबद्दल तिथले लोक काय आठवणी सांगतात?

टर्लो ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) तरुणपणी देवी येऊन आंधळा झाला. मॅकडरमॉट रो घराण्यातल्या बाईंनी त्याला हार्प शिकवून, घोडा आणि वाटाड्या देऊन गावोगाव धाडलं. यजमानांच्या नावाने धुना बांधायच्या, हाच त्याचा उदरनिर्वाह.

सगळ्यात गोड आठवण ब्रिजेट क्रूझची. ती त्याची तरुणपणची प्रेयसी. पुढे कित्येक वर्षांनी लॉक डर्ग या सरोवराच्या यात्रेत एका बाईला नावेत चढायला हात दिला, आणि केवळ स्पर्शावरून त्याने तिला ओळखलं म्हणे!

लीट्रिम परगण्यातल्या दोन टेकड्यांवरच्या परीराज्यांच्या लढाईवर त्याने पहिली धून केली असं सांगतात. ती आजही वाजते. मरणाआधी व्हिस्की मागवली, पिववेना, तेव्हा पेल्याचं चुंबन घेतलं, हाही किस्सा प्रसिद्ध आहे.

एका इटालियन वादकाची अवघड रचना कॅरोलनने एकदा ऐकून जशीच्या तशी वाजवल्याची गोष्ट मात्र मला पटत नाही. वादकाचं नाव दर सांगणाऱ्यागणिक बदलतं. पण कॅरोलनच्या धुनांत इटालियन छटा आहे, हे खरं. त्याची कबर रॉसकॉमन परगण्यात किलरोननला आहे. जवळच्या कीड्यू गावात त्याच्या नावाने हार्प महोत्सव भरतो.