पाचशेच्या स्टँपवर बाळ दत्तक होत नाही

दत्तक, प्रतिपालकत्व (दत्तक न घेता मूल काही काळ सांभाळणं) आणि बालसंरक्षण या विषयांवर येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. यावेळी पाच घेतले आहेत.

मी 46 वर्षांची, अविवाहित. दोन-तीन वर्षांची मुलगी दत्तक मिळेल का?

नाही. दोन ते चार वयाच्या मुलासाठी एकट्या पालकाची मर्यादा 45, चार ते आठसाठी 50. पाच-सहा वर्षांच्या मुलीसाठी ‘कारा’च्या (केंद्र सरकारचं दत्तक प्राधिकरण) पोर्टलवर स्वतः नोंदणी करा. एजंट लागत नाही.

तालुक्यातल्या दवाखान्यात एका अविवाहित मुलीचं बाळंतपण व्हायचं आहे. मध्यस्थ म्हणतो, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून बाळ थेट हातात देतो, जन्मनोंदही आमच्याच नावाने. खर्च दोन लाख. कायदेशीर आहे ना?

नाही, आणि हा प्रश्न दर महिन्याला येतो म्हणून सविस्तर लिहितो. नोटरी फक्त सही कोणाची ते पाहतो; मूल कोणाचं, हे ठरवायचा अधिकार त्याला नाही. बाळंतीण म्हणून तुमचं नाव घालणं ही सरळ खोटी जन्मनोंद. आणि दोन लाख हा खर्च नव्हे, ती किंमत आहे. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 81 विकणारा आणि घेणारा दोघांनाही लागतं: 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाख दंड. दवाखान्यातला माणूस सामील असेल तर 3 ते 7 वर्षं. ‘हिंदू दत्तक कायद्यात चालतं’ असंही ऐकवतील. 1956 च्या त्या कायद्यातही पैशाची देवघेव गुन्हाच आहे.

हे लगेच अंगाशी येत नाही, म्हणून लोक फसतात. चार वर्षांनी तोच मध्यस्थ दुसऱ्या प्रकरणात सापडतो, त्याच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर निघतो आणि तुम्हाला आई म्हणणारं पोर शिशुगृहात जातं. त्याचा काय दोष?

सरळ वाट अशी. बाळंत झालेली मुलगी बाल कल्याण समितीपुढे (मुलांविषयी निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) बाळ सोपवते. त्याला पैसे पडत नाहीत, नाव गुप्त राहतं. फेरविचाराला तिला 60 दिवस मिळतात. हे दिवस तिचे आहेत, त्यात घाई करणारा प्रत्येकजण संशयित समजा. त्यानंतर समिती बाळ दत्तकासाठी मुक्त ठरवते आणि ते ‘कारा’च्या यादीतल्या पालकांना सुचवलं जातं. म्हणजे हेच बाळ तुम्हाला मिळेल असं नाही. तुमची गृहभेट होते, बाळ सुचवल्यावर 48 तासांत होकार नोंदवावा लागतो, शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (1 सप्टेंबर 2022 पूर्वी तो कोर्टाचा असे). ती मुलगी 18 च्या आतली असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो आणि दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. मध्यस्थाला एक रुपयाही देण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा.

दीर-जाऊ अपघातात गेले. पुतण्या आमच्याकडे आहे. दत्तक घ्यावंच लागेल का?

नाही. बालसंगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करा. महिना 2,250 रुपये मिळतात. सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचं नाव आधी लावून घ्या, अज्ञान पालनकर्ता (अल्पवयीन वारसाचा पालक) म्हणून कोणाचं लागेल ते तलाठ्याला विचारून. ‘त्याच्या शिक्षणासाठी’ म्हणून त्याची जमीन परस्पर विकू नका. जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते का, हे आधी वकिलाला विचारा.

दत्तकाची यादी लांब आहे. आधी प्रतिपालकत्व घेऊन पुढे दत्तक असं करता येतं का?

आडवाट म्हणून करू नका. प्रतिपालकत्व हा तात्पुरता आसरा आहे. मूळ कुटुंब सावरलं की मूल परत जाऊ शकतं. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांनंतर दत्तकाचा मार्ग खुला होतो, पण मूल दत्तकासाठी मुक्त ठरलेलं असेल तरच. शिवाय ही मुलं साधारण सहाच्या पुढची असतात. तान्ह्या बाळाच्या आशेने अर्ज करणाऱ्यांनी आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या समुपदेशकाशी बोलावं.

पाचवीतल्या मुलीने बाईंना लैंगिक छळासारखं काहीतरी सांगितलं. मुख्याध्यापक म्हणतात, आधी शाळेची समिती चौकशी करेल.

शाळेने चौकशी करायची नाही, कळवायचं. तेही आजच. पोक्सोच्या कलम 19 ला पुरावा लागत नाही, शंका पुरते. न कळवणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 ला फोन करा, नाहीतर पोलीस ठाण्यात जा. मुलीला पुन्हा पुन्हा बोलतं करू नका. ‘त्याने इथे हात लावला का?’ असं सुचवणारं विचारलं की पुढे कोर्टात जबाब डळमळतो. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तिच्या बोलीत, तारीख-वेळ टाकून बाईंनी लिहून ठेवावं. अंगावरचे कपडे धुवू नयेत, कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये दमट होऊन खराब होतात. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या कपड्यांत. मुलीला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. वकील किंवा बाल कल्याण समितीने दिलेला सहायक सोबत मागा. आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचं नाव फिरलं तर तो वेगळा गुन्हा होतो.