पहिला आकडा

"दीड लाखाचं कर्ज आहे म्हणतात. माझ्या पाटल्या मोडल्या तर फिटेल ना हो?"

ताई खुर्चीत नीट बसायच्या आधीच बोलल्या. पर्समधून रुमालात बांधलेलं पुडकं काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. आत माहेरच्या दोन पाटल्या होत्या. निघाल्या होत्या सराफाकडे, वाटेत शाळेतल्या मैत्रिणीने हाताला धरून माझ्याकडे आणलं. कर्जात अडकलेल्या घरांना सल्ला देणं हे माझं काम. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना मी ताईच म्हणत आले, इथेही तेच.)

ताई शिक्षिका, यजमान एका खासगी कंपनीत. लग्नाला सतरा वर्षं. आठवड्यापूर्वी भर दुपारी शाळेच्या ऑफिसात फोन आला. पलीकडच्या माणसाने मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, "तुमच्या शिक्षिकेच्या नवऱ्याने आमचे पैसे बुडवलेत, तिला समज द्या." ताईंना नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाच्या कर्जाचा पत्ता लागला तो असा. रात्री विचारलं तेव्हा यजमान आधी म्हणाले, चुकून फोन लागला असेल. मग गप्प बसले. मग दीड लाख म्हणाले.

अशा वेळी माझ्यासमोर येणारी माणसं बहुधा तीनच प्रश्न विचारतात. हे कर्ज मला फेडावं लागेल का? बँकेने इतकं दिलंच कसं? आणि तिसरा, निघताना दारात उभं राहून विचारलेला: अजून काय काय लपवलं असेल? तिसरा शेवटी येतो, पण झोप त्याच्यामुळेच उडालेली असते.

मी ताईंना म्हणाले, पाटल्या पर्समध्ये ठेवा. त्यांना ते आवडलं नाही. कर्ज फिटलं की विषय संपेल, घर पूर्ववत होईल, असं त्यांना वाटत होतं. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पक्की शिकले आहे: लपवलेल्या कर्जाचा पहिल्यांदा सांगितलेला आकडा कधीच पुरा नसतो. याचा अर्थ माणूस मुद्दाम फसवतो असा नाही. कित्येकदा त्यालाच खरा आकडा माहीत नसतो, कारण महिनोन्महिने त्याने स्टेटमेंट उघडलेलंच नसतं. आणि सांगायची वेळ येते तेव्हा तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून, याला सोसवेल एवढाच आकडा सांगतो. कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका जोडप्याला असंच सोनं मोडू दिलं होतं. आठ महिन्यांनी उरलेलं कर्ज बाहेर आलं, तेव्हा हाताशी सोनंही नव्हतं आणि बायकोच्या मनात नवऱ्याबद्दलचा उरलासुरला विश्वासही नव्हता. ती चूक माझी होती. ती मी पुन्हा करणार नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिथल्या तिथे देता आलं. आपल्याकडे कर्जाचा करार ज्याच्या नावावर, देणं त्याचं. केवळ बायको आहे म्हणून नवऱ्याच्या कार्डाची बाकी तिच्याकडून वसूल करता येत नाही. ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी. ताईंच्या पर्समध्ये यजमानांच्या कार्डावरचं ॲड-ऑन कार्ड, म्हणजे मूळ कार्डाला जोडून घरच्यांसाठी मिळणारं जादा कार्ड, होतं, त्याने त्या घाबरल्या होत्या. त्या कार्डावरच्या खर्चाचीही जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच असते, रिझर्व्ह बँकेचे निर्देश तसं स्पष्ट सांगतात. पाटल्या तर स्त्रीधन. ते बायकोचं स्वतःचं असतं, नवरा-बायकोचं सामायिक नसतं, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये पुन्हा एकदा सांगितलं आहे. द्यायच्या असतील तर त्या ताई देऊ शकतात. मागायचा हक्क कुणाला नाही.

"मग मी काहीच करू नको का?"

"आधी सगळं बघू. मग ठरवू."

पुढच्या आठवड्यात यजमान आले. खुर्चीच्या टोकावर बसले होते. दहा मिनिटांत त्यांचा फोन चार वेळा थरथरला आणि चारही वेळा त्यांनी न बघता तो पालथा केला. मी आकडा विचारला. म्हणाले, "चारेक लाख असतील." ताईंनी मान वर केली. घरी सांगितले होते दीड लाख.

आपल्याकडे प्रत्येकाच्या कर्जांची आणि फेडीची नोंद ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तिथेच बसून आम्ही दोघांचेही अहवाल काढले. यजमानांच्या नावावर तीन कार्डं निघाली आणि एक ॲपवरचं कर्ज. मी कागदावर एकाखाली एक लिहीत गेले. 2,31,000. 1,86,000. 94,000. 1,27,000. बेरीज 6,38,000. यजमानांनी कागद हातात घेतला आणि पुन्हा स्वतः बेरीज केली. त्यांनाही तो आकडा नवा होता, हे त्यांच्या बोटांकडे बघून कळत होतं.

ताईंचा अहवाल उघडायला वेळ लागत होता. स्क्रीनवर चक्र फिरत होतं आणि त्या श्वास धरून बसल्या होत्या. आपल्या नकळत आपल्या नावावर काही काढलं असेल का, हा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला नाही. अहवाल स्वच्छ निघाला. त्या रडल्या ते तेव्हा.

पैसे गेले कुठे? ताईंच्या मनात दारू, जुगार, दुसरी बाई, सगळं येऊन गेलं होतं. खरं त्याहून साधं होतं. 2020 साली यजमानांचा पगार कापला गेला, तो पुन्हा पूर्ववत झाला नाही. घराचा हप्ता, मुलांची फी, सासूबाईंचं औषधपाणी यांतलं काहीही कमी न करता त्यांनी फरक कार्डावर टाकला. पहिलं कार्ड भरायला दुसरं, दुसरं भरायला तिसरं, आणि तिन्ही अडली तेव्हा ॲप. "घरी सांगितलं असतं तर तिने खर्च कमी केला असता," ते म्हणाले. "मला ते बघवलं नसतं."

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे चार वर्षं मी जे खाल्लं-ल्यालं ते सगळं उसनं. आणि मला विचारलंही नाही." पैशापेक्षा हे त्यांना लागलं. मला ते अगदी रास्त वाटतं. घर वाचवण्यासाठी लपवलं, हे कारण खरं असलं तरी त्यात बायकोच्या वाट्याचा निर्णयही नवऱ्यानेच घेतलेला असतो.

कार्डं अडेपर्यंत यजमान दर महिन्याला न चुकता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम, भरत होते आणि तोवर आपण थकबाकीदार नाही असं धरून चालले होते. मी त्यांना गणित मांडून दाखवलं. समजा 2 लाख बाकी आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के. व्याज झालं 7,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, 1,260. मिनिमम पाच टक्के, म्हणजे भरायचे 10,000. त्यातले 8,260 व्याज आणि करात गेले, मूळ बाकी उतरली 1,740 रुपयांनी. शिवाय मागची बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून, वर शुल्क वेगळं. यजमानांनी रोखही काढली होती, घराच्या हप्त्यासाठी.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. त्यांनी तो चिडून विचारला होता आणि त्यांची चीड मला पटते. एका पगारावर तीन कार्डं, त्यातल्या एकाचं लिमिट 80,000 वरून अडीच लाखांवर. कुणी पाहिलं नाही का?

पाहायला हवं होतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022 मध्ये कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यांत न मागितलेलं कार्ड द्यायला बंदी आहे, ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवायला बंदी आहे, आणि लिमिट ठरवताना ग्राहकाची परतफेडीची ऐपत, त्याची इतर कार्डं हे बघायला सांगितलं आहे. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, हा इशारा स्टेटमेंटवर छापणंही बंधनकारक आहे. असल्या बिनतारण कर्जांची वाढ खुद्द रिझर्व्ह बँकेला खटकली, म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये तिने बँकांना त्यांच्यापोटी जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. एवढं सगळं असूनही व्याजाला कमाल मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये वर्षाला 30 टक्क्यांवर व्याज म्हणजे अनुचित प्रथा असा निर्णय दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला.

मी ताईंना दिलेलं उत्तर इथेही तेच देते. बँकेने डोळे झाकून दिलं म्हणून कर्ज माफ होत नाही. तशी आशा दाखवणाऱ्यांपासून, विशेषतः आगाऊ फी घेऊन 'कर्ज मिटवून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. पण बँक जिथे नियम मोडते, तिथे नेमकं बोट ठेवता येतं. लिमिट वाढलं तेव्हा संमती होती का, हे आम्ही विचारलं. होती; रात्री अकरा वाजता ॲपमध्ये यजमानांनीच 'होय' दाबलं होतं. तिथे काही करता आलं नाही. मात्र दुसऱ्या कार्डावर दर महिन्याला एका विम्याचे पैसे कापले जात होते, त्याची संमती बँकेला दाखवता आली नाही. लेखी तक्रार केल्यावर तीन आठवड्यांनी ते पैसे करासह परत आले. रक्कम मोठी नव्हती, पण त्या दिवशी यजमान पहिल्यांदा ताठ बसले.

आणि तो शाळेतला फोन. वसुलीवाल्यांनी कर्जदाराच्या घरच्यांना, ओळखीच्यांना त्रास देऊ नये, चारचौघांत अपमान करू नये, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, हे नियम आहेत. मुख्याध्यापिकाबाईंनी फोनची तारीख, वेळ आणि नंबर लिहून सही करून दिली, हे त्यांचं मोठेपण. ते जोडून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, तक्रार गेली. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही. फोन थांबले.

'पोलीस येतील', 'अटक होईल' या धमक्यांनी यजमान किती खचले होते हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं. एकदा पुलावर गाडी थांबवून ते बराच वेळ उभे राहिले होते. ताईंना हे माहीत नव्हतं. कार्डाची बाकी थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. घाबरून कोरे चेक मात्र देऊ नयेत, कारण चेक न वटल्याचा खटला फौजदारी असतो. हे मी त्यांना शांतपणे सांगितलं, पण त्या दिवशी कर्जाचा विषय तिथेच ठेवला आणि त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तुमच्या घरात कुणी या टोकाला आलं असेल तर आकड्यांची चौकशी उद्या करा. आज त्याच्याजवळ बसा. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

फेडीचं मी थोडक्यात सांगते, कारण प्रत्येक घराचं गणित वेगळं. तिन्ही कार्डं वापरणं बंद झालं. दोन बँकांनी थकलेल्या रकमेचे कमी व्याजाचे हप्ते पाडून दिले. एका ठिकाणी 'सेटलमेंट' करा, थोडे भरून मोकळे व्हा, असा आग्रह झाला. पण 'सेटल्ड' हा शेरा पतअहवालात राहतो आणि पुढच्या कर्जाला आडवा येतो, म्हणून यजमानांनी ते टाळलं. तिसरं, सगळ्यात लहान कार्ड पूर्ण भरून बंद केलं. बाकी नसताना कार्ड बंद करायची विनंती केली की बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये दंड बँकेला बसतो.

ताईंना शिक्षकांच्या पतपेढीतून आपल्या नावावर कर्ज काढून ॲपचं देणं उडवायचं होतं. मी विरोध केला. आजवर जे कर्ज कायद्याने त्यांचं नव्हतं, ते त्या सहीने त्यांचं झालं असतं. शेवटी निर्णय त्यांचा. त्यांनी तीन महिने थांबून बघायचं ठरवलं.

घरात बदल झाला तो एकच. दर महिन्याच्या सात तारखेला मुलं झोपल्यावर दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात. यजमान फोन सुलटा ठेवतात, स्टेटमेंट उघडतात, ताई वहीत आकडे लिहितात. प्रश्न विचारायचे, पण जुनं उकरायचं नाही, असं ठरलंय. पहिल्या दोन महिन्यांत ते जमलं नाही. दुसऱ्या वेळी ताई उठून गेल्या आणि आठवडाभर यजमानांशी कामापुरतं बोलल्या.

चौथ्या महिन्यात दोघं माझ्याकडे आले होते. वही उघडी होती. काही विचारायच्या आधीच यजमान म्हणाले, "एक राहिलंय. अहवालात येणारच नाही ते." थोडं थांबले. "तुझ्या भावाकडून 40,000 हातउसने घेतलेत. दोन वर्षं झाली. मीच त्याला सांगितलं होतं, ताईला बोलू नकोस."

ताईंनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "त्याला अजून काय सांगितलंयस?" त्यांनी विचारलं. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्या नवऱ्याला अरे-तुरे करत होत्या.

"काही नाही. एवढंच."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वही जवळ ओढली, बेरजेवर काट मारली आणि खाली लिहिलं: 40,000, भाऊ.