करार 'रद्दबातल' म्हटलं की संपतो का?

प्रश्न : बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला, करारनामा दोन वर्षांपूर्वी नोंदवला. घरच्या अडचणीमुळे आता व्यवहार सोडायचा आहे. बिल्डर 'करार रद्दबातल समजावा' असं पत्र द्यायला तयार आहे. वकील रद्दलेखाचा (करार रद्द केल्याच्या नोंदणीकृत दस्ताचा) आग्रह धरतात. फरक काय? आणि 'रद्दबातल' शब्द आला कुठून?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : वकिलांचं ऐका. नोंदवलेला करार नुसत्या पत्राने सरकारी दप्तरातून जात नाही. इंडेक्स टूवर (नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावर) तुमचं नाव तसंच राहतं.

आधी शब्दाचं. 'रद्द' आणि 'बातल' दोन्ही मूळचे अरबी, फारसी दप्तरी भाषेतून मराठीत रुजलेले. रद्द म्हणजे परत फिरवलेलं, नाकारलेलं. घरातली 'रद्दी' त्याच कुळातली. बातल म्हणजे खोटं, निष्फळ. बोलताना आपण ते जोडूनच म्हणतो, कायदा मात्र वेगवेगळ्या अवस्था मानतो. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या मुलाशी केलेला करार मुळातच बातल. फसवणूक किंवा जबरदस्तीने संमती घेतली असेल, तर करार अस्तित्वात असतो, पण फसलेल्या पक्षाला तो मोडता येतो (करार अधिनियम १८७२, कलम १९). दोघांनी राजीखुशीने मोडला, तर कलम ६२. तुमचं प्रकरण या शेवटच्या प्रकारातलं.

त्यासाठी रद्दलेख करायचा. दोन्ही पक्षांनी सह्या करून तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा. एकट्या बिल्डरची किंवा एकट्या तुमची सही चालत नाही. मूळ कराराचा दस्त क्रमांक व तारीख, परत मिळणारी रक्कम, पे ऑर्डरचा क्रमांक आणि 'ताबा दिलेला नाही' हे वाक्य त्यात हवंच. पे ऑर्डर हातात आल्याशिवाय सही करू नका. एकदा रद्दलेख नोंदला की फ्लॅटवरचा हक्क गेला, आणि पैशांसाठी फक्त तगादा लावणं उरतं. गृहकर्ज असेल तर मूळ करारनामा बँकेत असतो. आधी कर्ज फेडून तो सोडवावा लागतो.

आता मुद्रांक शुल्क. मुंबईत एक कोटीच्या फ्लॅटवर सहा टक्क्यांनी सहा लाख भरलेले असतात, म्हणून इथे चूक महाग पडते. परतावा मिळायला ताबा घेण्याआधी आणि करारावर सह्या झाल्यापासून पाच वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दलेख व्हावा लागतो. रद्दलेख नोंदल्यापासून सहा महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. २०१५ पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, त्यामुळे अजूनही जुन्या माहितीवर विसंबून लोक थांबतात आणि रक्कम घालवतात. अर्जाला मूळ करारनामा व मूळ रद्दलेख लागतो. म्हणून बिल्डर 'मूळ कागद आमच्याकडे जमा करा' म्हणाला, तरी देऊ नका, छायाप्रत द्या.

एक गोष्ट सही करण्याआधी तपासाच : करारातली ताब्याची तारीख. ती उलटून गेली असेल, तर अडचण घरची असली तरी कसूर बिल्डरची आहे, आणि रेरा कायद्याच्या (स्थावर संपदा नियमन कायद्याच्या) कलम १८ खाली पूर्ण रक्कम व्याजासह मागता येते. अशा वेळी 'परस्पर संमतीने, कोणतीही तक्रार नाही' असं लिहिलेल्या रद्दलेखावर सही केली, तर पुढे महारेराकडे (त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडे) व्याज मागणं फार कठीण जातं. तारीख अजून पुढे असेल, तर बिल्डर किती रक्कम कापू शकतो हे करारातल्या रद्द करण्याच्या कलमात पाहा आणि तेवढीच मान्य करा.