काळ्यातला पांढरा धागा

प्रश्न : ताई, मुलीने जुन्या स्वेटरचा एक नमुना पाठवलाय. काळ्या स्वेटरवर गळ्याशी पांढरा बो बांधल्यासारखा दिसतो, पण तो विणलेलाच आहे. ॲक्रिलिकमध्ये जमेल का? बोपुरताच पांढरा गुंडा लावू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा फॅशन डिझायनर एल्सा शियापरेली यांचा १९२७ सालचा पॅरिसमधला स्वेटर, आणि माझा अतिशय आवडता. बो हुबेहूब बांधल्यासारखा वाटतो याचं सगळे कौतुक करतात. माझा जीव मात्र त्याच्या काळ्या भागावर. नीट पाहा, तो निव्वळ काळा नाही, त्यात पांढरे बारीक ठिपके आहेत. शियापरेलींनी तो एका आर्मेनियन बाईंकडून विणून घेतला होता. काळं विणताना पांढरा धागा मागून सोबत न्यायचा आणि दर तीन-चार टाक्यांनी काळ्यात अडकवायचा, ही त्या बाईंची पद्धत. अडकवला तिथे तो किंचित पुढे डोकावतो. शिवाय दुहेरी धाग्यामुळे वीण लोंबत नाही.

म्हणून बोपुरता पांढरा लावू नका, सगळा स्वेटर सपाट दिसेल.

गुळगुळीत ॲक्रिलिक मला इथे पसंत नाही. मागचा धागा सरकतो, ठिपके कुठे दिसतात, कुठे गायब होतात. आणि गरम इस्त्री लागली की वीण कायमची मरगळते. किंचित खरखरीत, बारीक शुद्ध लोकर घ्या. निदान निम्मी तरी लोकर असलेलं मिश्रण हवंच. दोन धागे असल्याने जाड लोकर नको, अंगात घालवणार नाही.

बो साध्या चौकटीच्या कागदावर काढलात तर विणल्यावर बुटका दिसेल, कारण टाका उंचीपेक्षा रुंद असतो. आधी दोन्ही रंगांत हातभर नको, वीतभर तुकडा विणा. १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके आणि ३२ ओळी आल्या, तर २४ टाके रुंद बो तितकाच उंच दिसायला ३२ ओळी लागतील.

सुया मुलगी अमेरिकेतून आणणार असेल तर तिला मिलिमीटर सांगा. आपल्याकडची ८ नंबर ४ मिलिमीटरची, तिकडची ८ नंबर ५ मिलिमीटरची.

आणि सुरुवातीआधी काळ्या-पांढऱ्या धाग्यांची एकत्र गाठ मारून कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. पांढरा करडा झाला तर ती काळी लोकर दुकानात परत द्या.