रुमाल टाकून धरलेली जागा

"मॅडम, आईला होर्डिंग आहे, वस्तू साठवत राहण्याचा आजार. मी सगळं वाचून आलोय."

खुर्चीत नीट टेकण्याआधीच मुलाने सांगून टाकलं. शेजारी आई बसली होती, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मुलाने मोबाइल पुढे केला. दिवाणाखालून बाहेर आलेली बोचकी, जेवणाच्या टेबलावर कापडाचे तुकडे, फ्रीजवर पिशव्या, मशीनभोवती दोऱ्यांचा गुंता. तीन महिन्यांनी त्याचं लग्न होतं. "नवीन मुलगी घरात यायची आहे. तिने पाय कुठे ठेवायचा, तुम्हीच सांगा."

मी समुपदेशक आहे, ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते. कधी मुलं विचारतात, "आईच्याने काही टाकवत नाही, हा आजार आहे का?" कधी बाई स्वतःच विचारते, "शिवणकाम सोडवत नाही आणि घरही आवरत नाही, माझं काय चुकतंय?" दोघांनाही सांगावी अशी गोष्ट मी इथे लिहिते आहे. या आईंना सुनंदाताई म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहायला त्यांनी आनंदाने होकार दिला आहे.

नाशिकच्या सिडकोतलं छोटं घर. यजमान सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सुनंदाताई बावीस वर्षं घरी ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांची फी या मशीनमधून निघाली. हे मला यजमानांनी सांगितलं, तेही चौथ्या भेटीत, अगदी सहज. तोवर घरात कुणाच्या तोंडून ते निघालं नव्हतं.

आधी आजाराचं सांगते, कारण मुलाची भीती खोटी नव्हती. वस्तू साठवण्याचा विकार खरोखर आहे. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो आहे. त्यात माणसाला वस्तू टाकण्याच्या विचारानेच तीव्र त्रास होतो, मग ती वस्तू कितीही बिनकामाची असो. पसारा इतका वाढतो की स्वयंपाकघरात स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही. आणि नुसता पसारा पाहून हे निदान होत नाही. नैराश्यात, मंत्रचळात (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजारात), उतारवयातल्या विस्मरणातही घर असंच दिसू शकतं. म्हणून मी त्यांना पहिल्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासलं, दोन भेटी घेतल्या आणि कळवलं, हा विकार नाही. थकवा आहे, झोप कमी आहे, मनाला लागलेलं काहीतरी आहे. समुपदेशन चालू ठेवा.

मनाला लागलेलं काय, ते कळायला वेळ लागला, आणि त्यात माझीही एक चूक झाली. ती सांगायलाच हवी, कारण घरोघरी तीच होते. मी त्यांना सरसकट दिला जाणारा गृहपाठ दिला. तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा मान खाली होती. सगळं "ठेवायचं" मध्ये होतं. द्यायच्या ढिगात एक जुनी चादर, टाकायच्यात काहीच नाही. "जमलं नाही मॅडम," म्हणाल्या, आणि डोळ्यांत पाणी. घरच्यांनी लावलेला शिक्का मीही नकळत लावला होता.

मग मी म्हटलं, पुढच्या वेळी एक बोचकं घेऊन या. कुठलंही.

जुन्या साडीत बांधलेलं बोचकं त्यांनी टेबलावर सोडलं. वर कातरणंच कातरणं. मला त्यात रंग दिसत होते, त्यांना माणसं दिसत होती. हे पाटीलकाकूंच्या पैठणीचं उरलेलं अस्तर. ही काठाची पट्टी, बाहीला कमी पडली तर असावी म्हणून ठेवली. हा टू बाय टू रुबियाचा तुकडा, असा आकाशी रंग पुन्हा मिळत नाही. एका पिशवीत तर चार ब्लाऊजपीस, मापाच्या ब्लाऊजसकट, न शिवलेले. "हे कुणाचे?" त्या एकदम गप्प झाल्या. दोन वर्षांपूर्वीचं काम होतं. पिशवी दिवाणात मागे गेली, सापडली नाही. गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं म्हणून त्यांनी त्या गल्लीतून जाणंच सोडलं होतं.

"पिशवी मागे का गेली?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. मशीनला घरात ठरलेली जागा नव्हती. दिवसभर जेवणाच्या टेबलापाशी काम, संध्याकाळी सहाला सगळं गोळा करून मिळेल तिथे कोंबायचं. सकाळी पुन्हा उपसायचं. बावीस वर्षं, रोज. त्यात मागच्या दिवाळीत मुलाने आवराआवर करताना दोन पिशव्या घंटागाडीत टाकल्या. त्याच्या लेखी चिंध्याच होत्या. त्यानंतर सुनंदाताई वस्तू लपवायला लागल्या. गव्हाच्या कोठीत लेस, गॅसच्या ट्रॉलीखाली बटणं, देवघराच्या खणात हुकांची पाकिटं. लपवलेलं त्यांनाच सापडेना, म्हणून मेनरोडवरून पुन्हा आणायचं. घरात काळ्या दोऱ्याची सव्वीस रिळं निघाली.

ज्याची वस्तू त्याला न सांगता टाकू नका, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते, ते याचसाठी. ज्याची वस्तू एकदा पाठीमागे गेली, तो माणूस पुढच्या वस्तूला जास्त घट्ट धरतो. खरा विकार असेल तर हा घाव आणखी खोल जातो.

त्या दिवशी जाता जाता त्या एक वाक्य बोलल्या, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. "मॅडम, चैत्रात सीबीएस स्टँडवर सप्तशृंगी गडाची गाडी लागते ना, तेव्हा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. तसंच करत होते मी. घरभर रुमाल टाकत होते."

मी त्या आठवड्यात मुलाला आणि यजमानांना एकत्र बोलावलं. टाकायचं काय हा विषय बाजूला ठेवू, म्हटलं. आधी आईला जागा द्या. किती? साडेचार फूट भिंत. बाहेरच्या खोलीतली, खिडकीशेजारची, जिथे एका कंपनीचं कॅलेंडर आणि बंद पडलेलं घड्याळ होतं. मुलगा म्हणाला, "मी तीन हजारांचे प्लॅस्टिकचे डबे आणले होते, तिने वापरलेच नाहीत." सुनंदाताई हळूच म्हणाल्या, "त्यातलं दिसत नाही रे. आणि पावसाळ्यात कापडाला कुबट वास येतो." दोन्ही खरं होतं. झाकण घट्ट बसलं की आतला ओलावा आतच राहतो, आणि एकावर एक रचलेल्या डब्यांत हवं ते नेहमी तळाच्या डब्यात असतं. शिवणाऱ्या बाईचा हात मशीनवर असतो, तिला मान वळवून दिसलं पाहिजे. मुलाने हे पहिल्यांदाच ऐकलं. तोवर त्याने आईला विचारलंच नव्हतं.

"मग काय हवं तुला?"

"मी शिवते."

इथून पुढे माझं काम कमी झालं. त्यांनी जे केलं ते मी जरा सविस्तर सांगते, कारण बरं होणं म्हणजे काय ते मला त्या कापडावर दिसलं.

यजमानांच्या आणि मुलाच्या जुन्या जीन्स उसवून त्यांनी तीन फूट बाय अडीच फुटांचा, भिंतीवर टांगायचा कापडी पाट जोडला. मागे मांजरपाट, मध्ये बकरम, म्हणजे वजनाने लोंबत नाही. वरच्या कडेला नेफा, त्यात पडद्याची जुनी सळई. मग कप्पे. प्रत्येक कप्पा त्या वस्तूला समोर ठेवून मापला. रिळं गोल असतात, सपाट कप्प्यात मावत नाहीत, म्हणून त्या कप्प्यांना खाली दोन-दोन चुण्या. चादरी ज्या चेनच्या पारदर्शक पिशवीत येतात, त्या पिशव्या कापून हुक आणि प्रेसबटणांचे कप्पे केले. आतलं बाहेरून दिसतं. बॉबिनला बोटभर रुंदीचे आठ कप्पे. कप्प्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना मागे-पुढे पक्की टीप, कारण हात रोज तिथेच ताण देतो.

मी विचारलं, सव्वीस काळी रिळं कुठे जाणार? त्या हसल्या. "कप्पा चार रिळांचा केलाय. बाकीची गल्लीतल्या मुलीला दिली, ती क्लासला जाते." महिन्यापूर्वी एक काठाची पट्टी सुटत नव्हती त्यांच्या हातून. आता बावीस रिळं गेली आणि त्यांना बोचलं नाही. ढीग करून निवडताना प्रत्येक वस्तूला नाही म्हणावं लागत होतं. कप्पा शिवताना त्या चार रिळांना हो म्हणत होत्या. हा फरक मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवला नव्हता.

गिऱ्हाइकांच्या कामासाठी त्यांनी जुन्या सुती साडीच्या नाडीच्या पिशव्या केल्या, पंधरा. एका बाईची एक पिशवी: कापड, अस्तर, मापाचा ब्लाऊज, आणि बाहेर शिवलेल्या छोट्या खिशात तारखेची चिठ्ठी. पंधराच का, तर सळईला पंधराच अडकतात. सोळावं काम आलं तर "पुढच्या आठवड्यात आण" म्हणायचं. बावीस वर्षांत त्यांनी कुणालाही "पुढच्या आठवड्यात" म्हटलं नव्हतं. ते वाक्य आम्ही माझ्या खोलीत चार वेळा म्हणून पाहिलं. आणि ते चार ब्लाऊज? त्यांनी फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, अहो, मी विसरूनच गेले होते. दोन वर्षं गल्ली टाळली त्याला हे उत्तर मिळालं. त्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन बराच वेळ नुसत्या बसल्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पिशवीत बसत नव्हती. तळाच्या बोचक्यात हिरवा खण निघाला, कापलेला. पाठ, पुढचे भाग, बाह्या, सगळं वेगळं, खडूच्या रेघा अजून दिसणाऱ्या. "हा कुणाचा?"

"माझाच. लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा कापला होता. दुसऱ्यांची कामं येत गेली, राहून गेला." चौतीसच्या मापाचा. आता त्यांना चाळीस लागतो.

मला वाटलं, इथे थांबायला हवं, हा तुकडा हळुवारपणे हाताळावा लागेल. मी तसं म्हणालेही. सुनंदाताईंनी खण हातात उलटासुलटा केला, वीत टाकून मापला आणि बॅगेत ठेवला. पुढच्या वेळी फोटो दाखवला. कात्रीचा कप्पा त्या खणाचा केला होता. आत जीन्सचे दोन थर, कारण कात्रीचं टोक कापड फाडतं. बाहेर हिरवा खण, बाहीचा काठ वरच्या कडेला आलेला. "आता दिवसातून पन्नास वेळा हात लागतो त्याला," म्हणाल्या. मी ज्याला दुःख समजून सांभाळायला निघाले होते, त्याचा त्यांनी बाहेरच्या बाजूने उपयोग केला होता. त्यांना थोडंही रडू आलं नाही. मला आलं.

हे वाचून कुणी उद्या कापड घेऊन बसेल, तर मला आनंदच आहे, पण घाई करू नका. आधी घरात भिंत मागा. फूटभर असली तरी चालेल, पण ती संध्याकाळी सहाला रिकामी करावी लागणारी नको. घरच्यांनो, तुम्ही डबे विकत आणण्याआधी तिच्या हाताशी दहा मिनिटं बसा, कुठली वस्तू किती वेळा उचलते ते पाहा. आणि एवढं करूनही वस्तू टाकण्याच्या नुसत्या विचाराने जीव घाबरा होत असेल, झोपायची जागा उरली नसेल, जुनी वर्तमानपत्रं, रिकाम्या बाटल्या, खराब झालेलं अन्नही टाकवत नसेल, तर कप्पे शिवून ते जाणार नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलीमानसचा १४४१६ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

लग्न पार पडलं. घर काही मासिकातल्या चित्रासारखं झालेलं नाही. दिवाणात अजून दोन बोचकी आहेत आणि ती तिथे असणार, असं सुनंदाताईंनी घरात सांगून टाकलं आहे. जेवणाचं टेबल मात्र जेवणाचं आहे. सून नोकरी करते. तिने पहिल्याच आठवड्यात तिच्या चार्जर आणि किल्ल्यांसाठी असाच पाट मागितला. भिंतीला ड्रिल मुलाने मारलं.

मागच्या महिन्यात त्या शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा मी पाटाचा फोटो पुन्हा पाहिला. सगळ्यात खालच्या ओळीत दोन कप्पे मोकळे होते. हे कशासाठी, म्हणून विचारलं.

"कशासाठीच नाही," त्या म्हणाल्या. "असू देत तसेच."