वाचकांचे प्रश्न : वाचनालयाची फाईल परत का येते?

सीमाभागातल्या वाचनालयांच्या पैशांबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : चंदगड तालुक्यातले गाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या वाचनालयाला दरवर्षी महाराष्ट्र शासनाचे अनुदान येते. आमची पुस्तकेही मराठीच. मग आम्हाला का नाही? (सचिव, बेळगाव तालुका)

उत्तर : कारण अनुदान भाषा पाहून मिळत नाही, हद्द पाहून मिळते. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. लोकांनी चालवलेल्या वाचनालयाला तिथे मान्यता मिळते, अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो आणि वर्गानुसार अनुदान येते. तुमच्या गावाला कर्नाटकचा १९६५ चा कायदा लागू आहे आणि त्याची घडणच निराळी आहे. इथे सरकार ग्रंथालय प्राधिकरणामार्फत स्वतःची ग्रंथालये चालवते आणि त्यासाठी घरपट्टीवर उपकर घेते.

घरपट्टीची पावती काढून बघा. शहरात मूळ करावर आरोग्य १५ टक्के, ग्रंथालय ६ टक्के आणि भिक्षुक उपकर ३ टक्के दिसेल. घरपट्टी २,००० रुपये असेल, तर १२० रुपये ग्रंथालयाचे. हे पैसे गोळा करते नगरपालिका किंवा पंचायत, पण जायला हवेत ते ग्रंथालयांसाठी. घोडे पेंड खाते ते इथेच. दिवाबत्ती आणि पगार आधी भागवले जातात आणि उपकर थकबाकीच्या रकान्यात पडून राहतो.

किती जमा झाला आणि किती पुढे भरला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. कर्नाटकात शुल्क १० रुपये आहे, अर्ज १५० शब्दांच्या आत हवा आणि एका अर्जात एकच विषय चालतो. 'गेल्या तीन आर्थिक वर्षांत वसूल झालेला ग्रंथालय उपकर, प्राधिकरणाकडे भरलेली रक्कम व भरणा तारखा' एवढेच लिहा. 'का भरला नाही?' असे विचारू नका. माहिती अधिकारी कारणमीमांसा देण्यास बांधील नाही आणि त्या एका वाक्यापायी अख्खा अर्ज निकालात निघतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.

हा पैसा थेट तुमच्या खात्यात मात्र येणार नाही. आकडे हाती आले की मागणी वेगळी करायची : गावच्या सरकारी ग्रंथालयात मराठी पुस्तके, मराठी दैनिके आणि बसायला जागा. ग्रामपंचायत ग्रंथालये २०१९ पासून ग्रामविकास व पंचायतराज खात्याकडे गेली आहेत, 'अरिवु केंद्र' या नावाची पाटी तुम्ही पाहिली असेल. म्हणून खेड्यातली मागणी पंचायत विकास अधिकाऱ्याकडे (पीडीओ) न्या आणि शहरातली नगर ग्रंथालयाच्या उपसंचालकांकडे. सीमाभागातल्या मराठी संस्थांसाठी महाराष्ट्राकडून अधूनमधून काही साहाय्य जाहीर होते. त्यासाठी अर्ज जरूर करा, पण त्या भरवशावर वर्षाचा खर्च बसवू नका.

प्रश्न : पुस्तके आणि रॅकसाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे अर्ज केला होता. 'कागदपत्रे अपुरी' एवढ्याच शेऱ्यानिशी परत आला. आमची नोंदणी १९५३ ची आहे, हिशेब चोख आहेत. कमी काय पडले? (अध्यक्ष, खानापूर तालुका)

उत्तर : 'नोंदणी १९५३ ची' यातच निम्मे उत्तर असण्याची शक्यता आहे. त्या वर्षी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावचे बेळगावी झाले. जुन्या संस्थांचे कागद या प्रवासात जिथल्या तिथे राहिलेले असतात.

नोंदणी दाखला, पॅन कार्ड, बँक पासबुक आणि स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद, असे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. संस्थेचे इंग्रजीतले नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. 'वाचनालय' एका ठिकाणी शेवटच्या 'ए'सह असते, दुसऱ्या ठिकाणी त्याशिवाय. कुठे 'सार्वजनिक' गळलेले, कुठे गावाचे नाव नावातच घुसलेले. माणसाला हा फरक क्षुल्लक वाटतो, पण अनुदानाची रक्कम संगणकावरून जाते आणि तिथे नाव जुळले नाही की व्यवहार फेटाळला जातो. पत्त्यात शहराचे जुने-नवे नाव असले तर सहसा खुलाशाच्या पत्राने भागते. नावातला फरक मात्र आधीच दुरुस्त करायला हवा.

नोंदणी दाखल्यावर आहे तेच नाव प्रमाण माना आणि बाकीचे तीन कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. उलटे करायला जाऊ नका. दाखल्यावरचे नाव बदलायचे म्हणजे विशेष सर्वसाधारण सभेपासून सगळे आले, त्यात वर्ष जाते. आधी पॅनची दुरुस्ती, मग नव्या पॅनची प्रत आणि कार्यकारिणीचा ठराव घेऊन बँक, शेवटी दर्पण. मूळ दाखला जीर्ण झाला असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा सोसायटी निबंधकांकडून प्रमाणित प्रत घ्या. दाखला लॅमिनेट करून भिंतीवर टांगण्याची आपल्याकडे हौस आहे. चमकत्या प्लास्टिकखालचा गोल शिक्का झेरॉक्समध्ये पांढरा उठतो आणि प्रत अवाचनीय ठरते.

दुसरी अडचण वार्षिक यादीची. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० नुसार वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद निबंधकांकडे द्यावा लागतो. बऱ्याच वाचनालयांनी हे वर्षानुवर्षे केलेले नसते. परिणाम असा की अर्जावर सही आजच्या अध्यक्षांची, आणि निबंधकांच्या दप्तरी अध्यक्ष आहेत दिवंगत झालेले गृहस्थ. राहिलेल्या वर्षांचे विलंब शुल्क भरून नोंदी पूर्ण करून घ्या. याला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या आधी निदान सहा महिने हात घाला.

तिसरे म्हणजे तुमचे 'चोख हिशेब'. वहीत पै-पैची नोंद असणे चांगलेच, पण अर्जाला तीन वर्षांची सनदी लेखापालाची तपासणी लागते : जमा-खर्च, उत्पन्न-खर्च आणि ताळेबंद, तिन्ही. सहीखाली १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे लेखापालाने त्या कागदासाठी काढलेला ओळख क्रमांक, आहे का ते बघा. तो नसलेला अहवाल तपासनीस बाजूला ठेवतो. ताळेबंदात पुस्तकांची किंमत दाखवलेली असावी. दहा हजार पुस्तकांचे वाचनालय आणि मालमत्तेत फक्त 'फर्निचर ४,२०० रुपये' असे दिसले तर कोणालाही शंका येईल.

आता मागणीचे आकडे. 'पुस्तके व रॅक : ५ लाख' असे मोघम लिहिले की अर्ज तिथेच कच्चा ठरतो. समजा १,००० पुस्तके घ्यायची आहेत. सरासरी छापील किंमत ३०० रुपये आणि सवलत २० टक्के धरली, तर २,४०,००० रुपये होतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. रॅकचा हिशेब असा : तीन फूट रुंदीच्या फळीवर मध्यम जाडीची ४५ मराठी पुस्तके मावतात, पण नव्या पुस्तकांना जागा राहावी म्हणून ३० च धरायची. पाच फळ्यांच्या एका रॅकमध्ये १५० पुस्तके बसतात, म्हणजे १,००० पुस्तकांना सात रॅक लागतात. रॅकवर १८ टक्के जीएसटी आहे, तो दरपत्रकात वेगळा दाखवा. तीन दुकानांची दरपत्रके जोडा, आणि ती एकाच तारखेची, एकाच हस्ताक्षरातली नसावीत. मग स्वतःचा वाटा लिहा : वाहतूक, दाखल नोंद, लेबले, कव्हर घालणे. हा खर्च प्रत्यक्षात पडतोच, तो कागदावर आला की संस्था काम करणारी आहे हे दिसते.

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या या प्रतिष्ठानच्या योजना दोन प्रकारच्या आहेत. मॅचिंग योजनांत राज्याचा हिस्सा असतो आणि या योजना राज्याच्या ग्रंथालय खात्यामार्फतच चालतात. नॉन-मॅचिंग योजनांमध्ये स्वयंसेवी संस्थांची ग्रंथालये, बालविभाग आणि पन्नास, पंचाहत्तर, शंभर अशी वर्षपूर्ती करणारी ग्रंथालये येतात. तुमची १९५३ ची तारीख दाखल्यानिशी सिद्ध होत असेल, तर २०२८ मध्ये पंचाहत्तरी येते. कागद आत्ताच नीट करा आणि त्या वर्षपूर्तीच्या योजनेकडे डोळा ठेवा. संकेतस्थळावरचा चालू नमुनाच वापरा, कोणाकडून आलेली जुनी झेरॉक्स नको.

एकदा पैसे आले की ते वेगळ्या खात्यात ठेवा, कारण त्यावरचे व्याजही सरकारला परत करायचे असते. विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे जीएफआर १२-ए, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत जायला हवे. ते थकले की पुढचे दार बंद. ज्यांना एकदा मिळाले आणि पुन्हा कधीच मिळाले नाही, त्यांच्या फायलीत बहुधा हाच कागद नसतो.

प्रश्न : पंचायतीत मराठीत अर्ज दिला, तो घेतला नाही. काय करावे? (वाचक, निपाणी परिसर)

उत्तर : राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. हा हक्क सोडू नये. पण रॅकसाठी भांडायचे की भाषेसाठी, हे त्या दिवशी ठरवून जावे. कामाचा मार्ग असा की वर कन्नड अर्ज, खाली मराठी प्रत, दोन्हींवर तीच तारीख आणि त्याच सह्या, आणि आवक शिक्क्यासह पोच. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती जपा. त्याहून वजनदार म्हणजे ग्रामसभेचा ठराव. वॉर्डसभेत विषय आधी घालून ठेवा, नाहीतर 'आयत्या वेळचा विषय' म्हणून उडवतात. ठरावाची नक्कल सात-आठ दिवसांत हातात घ्या. इतिवृत्त नंतर लिहिले जाते आणि तेव्हा वाक्ये गळतात.

इमारतीसाठी खासदार किंवा आमदार निधी मागायचा असेल तर आधी जागेचा उतारा बघा. गावठाण, देवस्थान किंवा कोणा दिवंगत दात्याच्या नावावरची जागा असेल, तर निधी मंजूर होऊनही काम सुरू होत नाही.

प्रश्न : उद्यमबागमधल्या एका कारखान्याने 'सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या खर्चातून) देऊ' म्हटले आणि मग आमच्याकडे ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी आयकर मान्यता) नाही म्हणून थांबले. ८०जी कसे मिळते? (खजिनदार, बेळगाव शहर)

उत्तर : सीएसआरला चालणाऱ्या विषयांची यादी कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात आहे आणि तीत 'सार्वजनिक ग्रंथालयांची स्थापना' हे शब्दच आहेत. त्यामुळे विषय बसतो, अडते ते तुमच्या पात्रतेवर. १२ए (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची नोंदणी) आणि ८०जी, आणि त्यांच्या आधारे कंपनी व्यवहार खात्याकडे सीएसआर-१ नोंदणी, हा क्रम उलटा होत नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. जुने क्रमांक बोलण्यात राहतील, अर्ज मात्र नव्या नमुन्यात करा.

अर्ज फेटाळला जातो तो संस्थेच्या घटनेतल्या दोन कलमांवरून. संस्था विसर्जित झाली तर मालमत्ता समान उद्देशाच्या संस्थेकडे जाईल, सभासदांत वाटली जाणार नाही, असे स्पष्ट कलम हवे. आणि उद्देशांत 'आपल्या समाजातील वाचकांसाठी' अशी भाषा नको. जुन्या घटनांमध्ये ती सर्रास आढळते आणि जात किंवा धर्मापुरती संस्था ८०जीला चालत नाही.

कारखाना खरोखर सीएसआरच्या कक्षेत आहे का तेही विचारा. निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, यांपैकी एक तरी असेल तरच बंधन येते. उद्यमबागमधल्या लहान फाउंड्री त्यात बसत नाहीत, पण साधी देणगी त्या देऊ शकतात. रोखीतल्या देणगीला २,००० रुपयांच्या वर सवलत नाही, आणि नवी कररचना घेतलेल्या व्यक्तीला ८०जीचा उपयोग नाही. हे देणगीदाराला आधीच सांगा, म्हणजे मार्चनंतरची नाराजी टळते. देणग्यांचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लागतात, आणि लहान वाचनालयाची वर्षाची वर्गणी त्यात जाऊ शकते.

प्रश्न : पुस्तकांना देणारे भेटतात, ग्रंथपालाच्या पगाराला कोणी देत नाही. आमची मुले अमेरिकेत, आखातात आहेत. त्यांच्याकडून कायम निधी उभारावा का? (विश्वस्त, येळ्ळूर परिसर)

उत्तर : उभारावा, पण हिशेब आधी मांडा. ५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५,००० रुपये, म्हणजे महिन्याला तीन हजारही नाहीत. दुसरीकडे ३० रुपये मासिक वर्गणीचे २०० सभासद महिन्याला ६,००० देतात. आमचे स्पष्ट मत असे की पगार वर्गणीतून आणि व्याज दैनिके, वीज, दुरुस्तीसाठी.

परदेशातल्या मुलांपैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पासपोर्टची प्रत फाईलला ठेवा. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले, त्यांच्याकडून मात्र एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, मग मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असो वा गावात घर. गावच्या जत्रेत त्यांनी रोख पाकीट दिले तरी कायदा तोच.

निधी ठेवायचा कुठे, हा इथला नाजूक प्रश्न. पतसंस्थेचे चेअरमन ओळखीचे असतात आणि व्याज एक-दीड टक्का जास्त असते. पण ५ लाखांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. शिवाय करसवलत टिकवायची तर ठेव आयकर कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच लागते, म्हणजे बँक किंवा पोस्ट. पतसंस्थेत आधीच ठेव असेल तर मुदत संपण्याच्या महिनाभर आधी कार्यकारिणीचा ठराव करून लेखी कळवा. नाहीतर पावतीचे आपोआप नूतनीकरण होते आणि पैसे आणखी वर्षभर तिथेच राहतात.